इसोदाच्या उतारावरचं फाटक

१

फाटक उघडं होतं आणि आत जंगल नव्हतं.

इसोदा गावाच्या वरच्या उतारावर, जाळीच्या कुंपणाआड तोमिकोबाईंनी जे वाढवलं होतं त्याला जंगल म्हणणं तसं धाडसाचंच. सगळ्यात उंच रोप बाईंच्या कमरेला लागायचं, आणि बाई स्वतःच काही फार उंच नव्हत्या. पण गाव त्याला जंगलच म्हणे. कारण निम्मं गाव बाईंच्या हाताखाली शिकलेलं होतं आणि उरलेल्या निम्म्याने त्यांच्या हातचा मार खाल्लेला होता.

आता तिथे काड्या उभ्या होत्या. ताबूची, ओकची, इसूची रोपं, सगळी वरून खुडलेली. हरणांनी पानं खाल्ली, शेंडे खाल्ले, कोवळी साल सोलली आणि जाता जाता नेच्यांवर लोळूनही घेतलं. बाई फाटकाशी दगडावर बसल्या होत्या. पाऊस पडत होता, पण याकुशिमा बेटावर ही काही बातमी नव्हे.

हवालदार सोएजिमा धापा टाकत वर पोचला. गावची चौकी म्हणजे पुढे एक टेबल आणि मागे त्याचा संसार. इथल्या नोकरीत त्याने लावलेला सगळ्यात मोठा छडा मच्छीमार संस्थेच्या हरवलेल्या तराजूचा होता, आणि तो तराजू संस्थेतच, वाळत घातलेल्या जाळ्याखाली सापडला होता.

"बाई, फार वाईट झालं हो," तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच भरून आला होता.

"तू पोलीस आहेस ना? मग रडायचं ते मागाहून. आधी बघ."

त्याने बघितलं. फाटकाचा दोर तुटलेला नव्हता, कापलेलाही नव्हता. तो सोडून, गुंडाळी करून, नीट खांबाला अडकवलेला होता. हरणं बरंच काही करतात, पण दोराची गुंडाळी करत नाहीत.

"शेवटचं कधी बघितलंत बंद असलेलं?"

"परवा दिवस मावळताना. मीच बांधलं. काल तर डोंगरभेट होती."

डोंगरभेटीला गावाच्या वतीने एकच माणूस जातो. पहाटे समुद्रात बुडी मारायची, ओली वाळू बांबूच्या नळकांड्यात भरायची, घराघराचं मागणं मनात घ्यायचं आणि शिखरावरच्या देवळीत वाळू ठेवून देवाला सगळं सांगून यायचं. जाताना बोलायचं नाही, थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही. आणि त्या दिवशी गावातल्या दुसऱ्या कोणी डोंगरावर पाऊल टाकायचं नाही. टाकणार तरी कसं? पायवाटेच्या तोंडाशीच गावातल्या बायका उजाडल्यापासून स्वागताचा स्वयंपाक करत बसलेल्या असतात, आणि त्यांच्या नजरेतून मांजरही सुटत नाही.

म्हणजे काल डोंगरावर कोणीही नव्हतं. आणि तरीही इतक्या हरणांना कोणीतरी दार उघडून दिलं होतं.

२

दुपारपर्यंत गावाने गुन्हेगार पकडला होता. पोलिसांची वाट बघण्याची इसोदात पद्धत नाही.

"गेन्साकू आजोबा," गावप्रमुख तेरादा चौकीतल्या एकमेव खुर्चीवर बसत म्हणाला. सोएजिमा उभा राहिला. "गावसभेत सगळ्यांसमोर म्हणाले नव्हते का, की माझी झाडं तुम्ही कापलीत, तुमची हरणं खातील म्हणून?"

"म्हणाले होते. पण म्हणणं वेगळं आणि करणं वेगळं."

"हे बघा हवालदार, रविवारी सभा आहे. तो उतार गावाच्या सामाईक मालकीचा. लाकूड कंपनी पुन्हा देवदार लावून द्यायला तयार आहे, कागद माझ्याकडे पडून आहेत. इतके दिवस मी म्हणत होतो की गावाला बाईंचं जंगल हवंय. पण गावातलाच माणूस फाटक उघडत असेल तर मी कुठल्या तोंडाने म्हणू? हे घरच्याच कोणी मुद्दाम केलं असेल तर रविवारी मी सही करणार."

"आणि मुद्दाम केलं नसेल तर?"

"दोर आपोआप सुटून गुंडाळी करून बसला, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

तेरादा वाईट माणूस नव्हता. तो फक्त गावप्रमुख होता.

गेन्साकू आजोबांचं घर पायवाटेच्या तोंडाशीच. तरुणपणी वरून हुकूम आला, जुनं जंगल तोडा आणि देवदार लावा. त्यांनी तो उतार स्वतःच्या हाताने लावला. झाडं सरळ वाढली, सगळी एका मापाची, शाळेच्या कवायतीसारखी. खाली अंधार झाला. नेचे गेले, शेवाळ गेलं, आणि मग पावसाबरोबर मातीही ओढ्यातून समुद्रात जायला लागली. बंदरातलं पाणी गढूळ झालं तेव्हा गावाने ती झाडं कापली. त्या दिवशी आजोबा दार लावून घरात बसले होते.

"अटक करायला आलास?" आजोबांनी विचारलं. ते संत्रं सोलत होते.

"चहा प्यायला आलोय."

"चहा नाही. हात्सू असती तर मिळाला असता." हात्सू आजी कागोशिमाच्या इस्पितळात होत्या. ऑपरेशन व्हायचं होतं. "संत्रं खा."

"आजोबा, फाटकाबद्दल लोक बोलतायत..."

"बोलू देत. उघडलं असतं तर सांगितलं असतं. वर भोंगा लावून सांगितलं असतं!" एक बी थुंकून ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "पण डोंगरभेटीच्या दिवशी कशाला उघडीन रे? हात्सूचं मागणं वर जात होतं. त्या दिवशी मी शिवीसुद्धा दिली नाही. बायकांना विचार. माशात मीठ कमी होतं, तरी मी गप्प बसलो."

हे मात्र खरं होतं. बायका सकाळपासून त्याचीच चर्चा करत होत्या.

सोएजिमा उठला तेव्हा आजोबा पाठमोरेच म्हणाले, "एक सांगू? ते फाटक उघडणाऱ्याने दोर जपून ठेवला. ज्याला नासधूस करायची असते तो दोर दरीत फेकतो. मी असतो तर फेकला असता."

३

उरला नाओया. ओसाकाहून परत येऊन त्याने पर्यटकांसाठी घरगुती लॉज काढलं होतं, आणि पाहुण्यांना फोटो मिळावेत म्हणून तो हरणांना पाव घालायचा. याबद्दल सोएजिमाने त्याला दोनदा समज दिली होती. दोन्ही वेळा नाओयाने त्याला तळलेला मासा खायला घातला होता.

"मला हरणं हवीत हे कबूल," नाओया म्हणाला. "पण पाहुणे येतात ते शेवाळ बघायला. शेवाळ कुठून येणार? बाईंच्या जंगलातून. तेच खाऊन टाकलं तर माझ्या हरणांना बघायला येतंय कोण?"

"म्हणजे तू उघडलं नाहीस."

"उघडायला गेलो होतो." नाओया ओशाळला. "उन्हाळ्यात. एका बाईला आतली फुलं बघायची होती. पण तोमिकोबाईंची ती गाठ! त्यांच्या नवऱ्याने बोटीवर शिकवलेली. एका हाताने धरायची, दुसऱ्याने ढिली करायची. माझ्या हातात छत्री होती. छत्री खाली ठेवून दोन्ही हात लावेपर्यंत बाई मागे येऊन उभ्या होत्या."

"मारलं का?"

"कानच धरला, दुसरं काय! पाहुण्यांसमोर."

परतताना वाटेत शोजीचं घर लागलं. शोजी गावचा शिकारी. हरणं फार झाली की कमी करायची, हे त्याचं काम. कुंपणाचे खांब बाईंबरोबर त्यानेच रोवले होते, आणि कालच्या डोंगरभेटीला या वेळी त्याचीच पाळी होती. त्याला काही विचारावं असं गावात कोणाच्या मनातही आलं नव्हतं. काल तो शोजी नव्हताच, अख्खं गाव होता.

सोएजिमालाही संकोच वाटला. तरी त्याने विचारलं.

"शोजी-सान, काल वर जाताना फाटक बंद दिसलं का?"

शोजी हरणांचे फासे साफ करत होता. त्याने मान वर केली नाही. "उतरताना मी पलीकडच्या धारेने आलो. ओढा चढला होता."

"हो, ते माहीत आहे. मी जातानाचं विचारतोय."

"जाताना मान खाली असते, हवालदार."

"बरोबर आहे, बरोबर आहे. माफ करा हं," असं म्हणून सोएजिमा निघाला.

घरी बायको कानाए भात वाढत होती. तिनेही डोंगरभेटीत मागणं पाठवलं होतं. काय ते सांगायची नाही, कारण सांगितलं की फळत नाही. पण पाठवलं त्याच दिवशी तिने मोठी सूटकेस उन्हात घातली होती, त्यामुळे बदलीचं असणार हे ओळखायला पोलीस असण्याची गरज नव्हती.

"हातात काही असलं तर ती गाठ सुटत नाही म्हणे," तो घास घेता घेता म्हणाला. "आधी खाली ठेवावं लागतं."

"काय ठेवलं मग?" कानाएने सहज विचारलं.

सोएजिमाचा घास हातातच राहिला.

४

सकाळी तो एकटाच वर गेला आणि या वेळी त्याने घाई केली नाही.

फाटकाच्या खांबावर शेवाळाची जाड गादी होती. शेवाळाचा एक गुण आहे. त्यावर जे पडेल ते पावसाला सहजी देत नाही. सोएजिमाने गुडघे टेकून नाक खांबाला लावलं. गादीत एक गोल दाबल्याची खूण होती आणि तिच्या कडेला पांढरे कण अडकले होते. त्याने एक उचलून नखावर घेतला. शिंपल्याचा तुकडा होता.

या डोंगरावर सगळं मिळतं, शिंपले मिळत नाहीत. समुद्राची वाळू इतक्या उंच घेऊन येणारा माणूस गावात एकच असतो, आणि तोही वर्षातून दोनदाच.

पण त्याने का उघडावं? ज्याने खांब रोवले त्याने?

सोएजिमा आत शिरला. ज्या काड्यांकडे काल बघवत नव्हतं, त्या आज एकेक करून बघितल्या. फाटकाजवळच्या काड्यांची टोकं ओली, पांढरी होती. ती ताजी खाल्लेली. पण आत, वरच्या कोपऱ्यात नेचे दाट होते तिथल्या टोकांवर काळी खपली धरली होती. ती रोपं आधीच खाल्लेली होती, फाटक बंद असताना!

जाळीच्या आतून, त्याच कोपऱ्यात, चिखलाची एक वाट तुडवली गेली होती. पुढे, मागे, पुन्हा पुढे. खूर मोठे. आणि जाळीच्या बाहेरून, अगदी तिला समांतर, दुसरी वाट. तिथलंही शेवाळ खरवडून निघालं होतं. तिथे खूर इवलेसे होते.

दोन्ही वाटा एका जागी थांबत होत्या. तिथे जाळी आत-बाहेर, दोन्ही बाजूंनी ताणली गेली होती आणि तिच्यात मऊ केस अडकले होते.

वर नव्या तारेची दुरुस्ती चमकत होती. वादळात झाड पडून जाळी फाटली होती, ती गेल्या आठवड्यात शिवली गेली होती. कोणी शिवली हे सोएजिमाला ठाऊक होतं. तोमिकोबाईंना त्याने स्वतः तार पिळायची पक्कड उसनी दिली होती.

तो तिथेच ओल्या मातीत बसला. छडा लागला होता, आणि तो लागला नसता तर बरं झालं असतं असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

५

शोजी किनाऱ्यावर होता. सोएजिमा शेजारी बसला आणि शिंपल्याचा तुकडा त्याने दोघांच्या मधे दगडावर ठेवला. शोजीने तो बघितला.

"पाडस बाहेर होतं," तो म्हणाला. "आई आत. जाळीतून नाकाला नाक लावून उभी होती दोघं. पाडसाच्या अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं. हवालदार, मी आजवर किती हरणं मारली असतील? तुम्हाला आकडा हवा असेल तर नगरपालिकेत आहे. पण त्या दिवशी मी समुद्रात बुडी मारून आलो होतो. अंगावर बंदूक नव्हती, अख्ख्या गावाचं मागणं होतं. पाय उचलेना."

"उघडलंत."

"नळकांडं खांबावर ठेवलं, गाठ सोडली. तिला बाहेर काढायला आत घुसलो तर ती घाबरून उलटी नेच्यात पळणार. म्हटलं फाटक उघडं ठेवू, आपली आपण जाईल, येताना बांधू. मागे तर फिरता येत नाही. येताना ओढा चढला. पलीकडून उतरलो तर गाव दारू घेऊन उभं! पाहुणचार सोडून उठता येत नाही, आणि त्या रात्री देवळातच झोपायचं असतं. वाटलं, एका रात्रीने काय होतंय."

"कोणाच्या तरी कानात सांगायचंत."

"काय सांगू? की वाटेत थांबलो? जाताना थांबलं की भेट मोडते. मग कोणाचंच मागणं पोचत नाही. हात्सू आजीचं ऑपरेशन सोमवारी आहे. ते म्हातारं माझा हात धरून म्हणालं, नीट जा रे." त्याने डोळे पुसले आणि मग एकदम व्यवहाराचं बोलावं तसं म्हणाला, "तुम्ही सभेत सांगा, शोजीने दारूच्या नशेत उघडलं, येऊन झोपल्यावर, मध्येच उठून. मी हो म्हणतो. हरामखोर म्हणतील. म्हणू देत."

"मग तेरादा सही करेल. उतार जाईल."

शोजीने ओंजळीत वाळू घेतली आणि सोडून दिली. "ते मला कळत नाहीये का?"

खोटं बोललं तर बाईंचं जंगल जात होतं. खरं बोललं तर साऱ्या गावाचं मागणं. पोलीस प्रशिक्षणात यावर काही शिकवलं नव्हतं. तिथे मुख्यतः चोर पळून जातो आणि त्याच्यामागे धावायचं असतं.

सोएजिमा बाईंकडे गेला. आधी तारेचं सांगितलं, मग शोजीचं. त्याने ठरवलं होतं की हळूहळू सांगायचं, पण बाईंसमोर हळूहळू सांगता येत नसे. "उगाच घोळवू नकोस" असं त्या म्हणायच्या आणि मग सगळंच बाहेर पडायचं.

बाई ऐकत होत्या. मग त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं.

"जाळी शिवायच्या आधी एक फेरी मारायला हवी होती," त्या म्हणाल्या. "पाऊस होता. गुडघे दुखत होते. म्हटलं, आत काय असणारे." मग त्यांनी विचारलं, "किती दिवस उभं होतं रे ते पिल्लू?"



६

रविवारी सगळं गाव हजर होतं. आजारी होते तेही आले, कारण अशी सभा रोज होत नाही.

"हवालदार, नाव सांगा," तेरादा म्हणाला.

सोएजिमा उठणार तोच बाई उभ्या राहिल्या. "नाव तोमिको. मी जाळी शिवली आणि हरिणीला आत कोंडलं. पिल्लू बाहेर राहिलं. ती आठवडाभर आतून माझी रोपं खात होती, मला दिसलं नाही. फाटक उघडणाऱ्याने तिला सोडवलं, एवढंच त्याचं चुकलं. त्याचं नाव मी सांगणार नाही आणि हवालदारही सांगणार नाही. त्याने तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ आहे."

सोएजिमाने ताबडतोब तोंड मिटलं.

सभा कुजबुजली. गेन्साकू आजोबांकडे बघणारे डोळे आता कुठे बघावं ते न कळून छताकडे गेले. मग कोपऱ्यातून शोजी उठला. तो कोणाकडेही न बघता बोलला. पाडस, नळकांडं, गाठ, ओढा, सगळं. शेवटी आजोबांसमोर जाऊन त्याने जमिनीला कपाळ टेकलं.

"मी वाटेत थांबलो. भेट मोडली. आजोबा, आजीचं मागणं..."

कानाएने नवऱ्याची बाही घट्ट धरली. तिची बदलीसुद्धा त्या नळकांड्यातच होती, आणि सोएजिमाच्या लक्षात आलं की आपल्याला त्याचं फारसं दुःख होत नाहीये.

आजोबा शोजीकडे वाकले.

"वर पोचलास ना?"

"पोचलो."

"हात्सूचं सांगितलंस?"

"सगळ्यात आधी."

"मग ऊठ. अवघडेल पाठ." आजोबांनी सभेकडे नजर टाकली. त्यांचा आवाज चढला. "तो वर बसलाय, हरणं कोणाची? त्याचीच ना? त्याचीच हरिणी कोंडून ठेवायची आणि वर जाऊन त्याच्याकडेच मागायचं? कुठल्या तोंडाने? हा थांबला नसता तर मी म्हटलं असतं, भेट मोडली!"

"पण नियम..." मागून कोणीतरी म्हणालं.

"नियम माझ्या आजाने मला शिकवलाय. तुला कोणी शिकवला?"



तेरादाने घसा साफ केला. "म्हणजे मुद्दाम कोणी केलेलं नाही. तर मग बाईंचं जंगल पुन्हा लावायचं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. आधी बायकांचे, मग नाओयाचा, मग एकाचं बघून दुसऱ्याचा. तेरादाने स्वतःचाही वर केला आणि कंपनीच्या कागदांवर चहाचा कप ठेवला.

"आजोबा, तुमचा?"

"माझं मत देवदारच. ते बदलणार नाही." आजोबांनी हात छातीशी बांधले. "पण फाटक पुन्हा बांधणार असाल तर आधी आत हाकारा करा. एका रांगेत उभं राहून, इंच न् इंच. तुम्हाला शिकवल्याशिवाय काही येत नाही."

हाकारा पुढच्या आठवड्यात झाला. सोमवारचं ऑपरेशन पार पडलं होतं, हात्सू आजींनी भात खाल्ला होता, आणि ते कोणाच्या पुण्याईने यावर गावात तीन मतं होती. अख्खं गाव हातात हात न घेता, पण एका हाताच्या अंतरावर, डबे वाजवत उतार चढत होतं. शोजी एका टोकाला, बाई दुसऱ्या. मधे गेन्साकू आजोबा काठी आपटत सगळ्यांच्या रांगा सरळ करत होते. नेच्यातून एक बेडूक निघाला, दुसरं काही निघालं नाही.

वरच्या कोपऱ्याजवळ रांग तुटली. आजोबा मधेच थांबले होते.

"काय झालं? हरीण?" सोएजिमा धावत आला.

आजोबांच्या पायाशी ताबूची एक खाल्लेली काडी होती. तिच्या बुंध्यातून, अगदी मातीलगत, लालभडक कोंब फुटला होता. नखाएवढा.

"आजोबा, चला ना, रांग खोळंबलीये," नाओया ओरडला.

"तुम्ही जा," आजोबा म्हणाले. त्यांनी काठी कोंबाच्या एका बाजूला रोवली आणि दुसऱ्या बाजूला स्वतः उभे राहिले. "आणि इकडून नका. तिकडून, वळसा घालून. पाय कुठे टाकताय ते बघा जरा, गाढवांनो!"